एक मोटार, दोन कामे

अर्थशास्त्राच्या अगदी सुरुवातीच्या धड्यात लायोनेल रॉबिन्स यांची १९३२ सालची व्याख्या आपण सर्वांनी पाठ केलेली असते. साधने अपुरी, त्यांचे उपयोग अनेक, म्हणून माणसाला निवड करावी लागते. परीक्षेत या व्याख्येखाली उदाहरण म्हणून आपण गहू आणि ज्वारी, फार तर बंदुका आणि लोणी लिहून मोकळे होतो. मला मात्र तिचे सर्वांत चांगले उदाहरण भलत्याच ठिकाणी सापडले. जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन भागात पोर्शे कंपनीचा कारखाना आहे. तेथे तयार होणारी ९११ ही मोटार मागवताना ग्राहकापुढे पर्यायांची जी लांबलचक यादी येते, ते हे उदाहरण होय. एवढी महाग मोटार घेणाऱ्याला कसली आली टंचाई, असे कोणी म्हणेल. पण पैसा पुरला तरी वजन, उष्णता आणि स्वतःचे हाडामांसाचे शरीर यांच्या मर्यादा सुटत नाहीत. खरी निवड तेथेच सुरू होते.

प्रश्न असा आहे. एकच मोटार सोमवार ते शनिवार कामावर नेआण करण्यासाठी वापरायची आणि रविवारी तीच शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची. हा प्रश्न काल्पनिक नाही. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगचा १९२७ साली खुला झालेला उत्तरेकडचा वळसा सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा आहे, आणि ठरावीक दिवशी शुल्क भरून कोणीही परवानाधारक आपली नेहमीची गाडी त्यावर घालू शकतो. असे करणारे हजारो लोक आहेत. त्यांच्यातले बरेचजण ज्या मोटारीचे स्वप्न पाहतात ती ९११ ची जी.टी. ३ ही आवृत्ती. २०२१ साली आलेल्या जी.टी. ३ मध्ये चार लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन आहे, ते ५१० अश्वशक्ती देते आणि मिनिटाला ९००० फेरे घेते. ही आकडेवारी सगळ्यांना तोंडपाठ असते. माझ्या मते ती सर्वांत कमी महत्त्वाची आहे, कारण इंजिन सगळ्यांना तेच मिळते. ग्राहकाची अक्कल दिसते ती ब्रेकमध्ये आणि आसनात.

आधी ब्रेक. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारे यंत्र. गती दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते हे शाळेत शिकलेले असते. त्याचा अर्थ ट्रॅकवर कळतो. ताशी ६० किलोमीटरवरून थांबताना जेवढी उष्णता निघते, तिच्या सुमारे अकरापट उष्णता ताशी २०० वरून थांबताना निघते. चालकासह दीड हजार किलो वजनाची मोटार सरळ रस्त्यावर २०० चा वेग गाठते आणि पुढच्या वळणासाठी तो ८० वर आणते, तेव्हा त्या काही सेकंदांत निघणारी उष्णता साडेपाच-सहा लिटर गार पाण्याला उकळी आणील इतकी असते. रस्त्यावर अशी वेळ क्वचित येते. ट्रॅकवर ती एकेका फेरीत अनेकदा येते, आणि मध्ये थंड व्हायला उसंत नसते.

या कामासाठी पोर्शे दोन प्रकारच्या तबकड्या देते. नेहमीच्या ओतीव लोखंडाच्या, आणि जास्त पैसे मोजल्यास कार्बनच्या तंतूंनी बळकट केलेल्या सिरॅमिकच्या. सिरॅमिकच्या तबकड्या कंपनीने २००१ साली जी.टी. २ या मोटारीवर प्रथम आणल्या. त्यांचे वजन लोखंडी तबकड्यांच्या निम्म्याच्या आसपास असते. चाकाबरोबर हलणारे हे वजन स्प्रिंगच्या खालचे वजन. ते कमी झाले की चाक खाचखळग्यांतून लवकर सावरते आणि टायर रस्त्याला चिकटून राहतो. शिवाय त्या गंजत नाहीत आणि चाकांवर काळी धूळ फारशी बसवत नाहीत. मग त्याच घ्याव्यात, असे वाटते. येथेच गंमत आहे. महाग म्हणजे ट्रॅकसाठी उत्तम, ही समजूत बऱ्याच अनुभवी मंडळींनी सोडून दिली आहे. रस्त्यावर सिरॅमिकची तबकडी दीर्घकाळ टिकते. पण ट्रॅकच्या सततच्या प्रचंड तापमानात तिच्यातील कार्बनचे तंतू हळूहळू जळत जातात आणि तबकडी बदलावी लागते. ट्रॅकच्या कडेची खडी उडून तिच्या काठाचा टवका गेला, किंवा चाक बदलताना ते तिच्यावर आदळले, तरी नुकसान मोठे. लोखंडी तबकडी झिजली तर ती काढून नवी घालता येते आणि खर्च कितीतरी कमी येतो. म्हणून महिन्याकाठी ट्रॅकवर जाणारा माणूस लोखंड निवडतो, आणि वर्षातून एखाद्या वेळी जाणारा, चाकांतून पिवळे कॅलिपर दिसावेत असे वाटणारा, सिरॅमिक निवडतो. शर्यतीसाठी म्हणून घेतलेली वस्तू रस्त्यावरच अधिक सुखाने नांदते, हे मला फार विलक्षण वाटले.

आसनाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तो थेट जिवाशी येतो. जी.टी. ३ ला एक पर्याय म्हणून कार्बन तंतूंच्या कवचाचे खोलगट आसन मिळते. वळणावर शरीर बाजूला फेकले जात नाही, त्यामुळे चालकाला स्टिअरिंगला लोंबकळावे लागत नाही आणि हात फक्त वळवण्याच्या कामाला मोकळे राहतात. वजनही वाचते. पण त्याच्या पाठीचा कोन बदलत नाही, आणि त्याचे उंच काठ ओलांडून रोज चार-सहा वेळा आत-बाहेर करावे लागते. पन्नाशीच्या, कंबरदुखीच्या माणसाने विक्रीच्या दालनात पाच मिनिटे बसून हे आसन पसंत करणे म्हणजे चप्पल पायात न घालता विकत घेणे. तासभर बसून पाहावे, आणि शक्य तर डोक्यावर हेल्मेट घालूनही. कारण साध्या ९११ ला छताची खिडकी घेतली तर डोक्यावरची जागा कमी होते, आणि उंच माणसाचे हेल्मेट छताला टेकते. शिवाय त्या खिडकीचे वजन गाडीच्या अगदी माथ्यावर बसते, म्हणजे जेथे ते मुळीच नको तेथे.

आसनाबरोबर पट्टा येतो. शर्यतीत वापरतात तो सहा टोकांचा पट्टा फार सुरक्षित दिसतो, म्हणून काही हौशी लोक तो नंतर बाजारातून आणून बसवतात. मागे पोलादी सांगाडा नसताना असे करणे धोक्याचे आहे. नेहमीचा तीन टोकांचा पट्टा मोटार उलटल्यावर शरीराला बाजूला कलू देतो. सहा टोकांचा पट्टा दोन्ही खांदे घट्ट धरून माणसाला ताठ बसवून ठेवतो. छत खाली दबले तर ते सरळ डोक्यावर आणि मानेवर येते. त्या पट्ट्याला छत न दबू देणारा सांगाडा हवाच. पट्टा, सांगाडा आणि आसन ही तिन्ही मिळून एक वस्तू आहे, तीन वस्तू नव्हेत. पोर्शेच्या क्लबस्पोर्ट संचात आसनांमागे बोल्टांनी बसवलेला पोलादी सांगाडा, चालकासाठी सहा टोकांचा पट्टा आणि हाताने वापरायचे अग्निशामक यंत्र असे एकत्र येते, आणि जी.टी. ३ वर त्याला वेगळी किंमत आकारलेली नाही. यादीतली अशी गोष्ट फुकट मिळावी आणि ती अनेकांनी दिसायला ओबडधोबड म्हणून नाकारावी, याला काय म्हणावे!

‘कमी’साठी जास्त पैसे देण्याची परंपरा या कंपनीत जुनी आहे. १९७२ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात तिने कॅरेरा आर.एस. २.७ ही मोटार मांडली. शर्यतीच्या नियमांप्रमाणे ५०० गाड्या विकणे भाग होते, आणि त्या खपतील की नाही याची विक्री विभागाला धास्ती होती. नोव्हेंबर संपेपर्यंत ५०० संपल्या, आणि अखेरीस १५८० बनल्या. ग्राहकापुढे मुख्यतः दोन संच होते. ७०० मार्क जादा दिले की ‘स्पोर्ट’ संच मिळे. म्हणजे मागच्या बैठका नाहीत, गालिचे नाहीत, घड्याळ नाही, ऊन अडवणारी झडप नाही, दार ओढायला साधा पट्टा. वजन ९६० किलो. २५०० मार्क दिले की ‘टूरिंग’ संच, ज्यात नेहमीच्या सुखसोयी परत बसवलेल्या आणि वजन १०७५ किलो. शंभराचा वेग गाठायला पहिलीला ५.८ सेकंद लागत, दुसरीला ६.३. स्पोर्ट २०० जणांनी घेतली, टूरिंग १३०८ जणांनी. मला या १३०८ जणांविषयी आदर वाटतो. शर्यतीची मोटार घेतानाही आपण ती रोज चालवणार आहोत हे त्यांना ठाऊक होते. (आज मात्र जुन्या मोटारींच्या बाजारात त्या २०० गाड्यांचा भाव अधिक आहे, पण ते १९७२ साली कोणाला कळणार होते?)

बाकीच्या पर्यायांना इतका वेळ देण्याचे कारण नाही. गिअर हाताने बदलायचे की दोन क्लचची स्वयंचलित पेटी घ्यायची, यावर लोक रात्ररात्र वाद घालतात. २०२१ च्या जी.टी. ३ मध्ये स्वयंचलित पेटीने शंभराचा वेग ३.४ सेकंदांत येतो आणि हाताच्या गिअरने ३.९ सेकंदांत, उलट हाताच्या गिअरची मोटार १७ किलोंनी हलकी. ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावे. घड्याळाशी पैज लावायची नसेल तर दोन्ही बरोबर आहेत. मागची चाकेही किंचित वळवणारी यंत्रणा साध्या ९११ च्या काही आवृत्त्यांवर पैसे देऊन घ्यावी लागते, आणि ती अवश्य घ्यावी असे मी म्हणेन. कमी वेगात मागची चाके पुढच्यांच्या उलट वळतात, त्यामुळे गाडी गल्लीत सहज फिरते. जास्त वेगात त्याच दिशेने वळतात, त्यामुळे लांब वळणावर ती स्थिर राहते. दोन्ही कामांना सारखीच उपयोगी पडणारी वस्तू या यादीत विरळा. पुढचा भाग काही सेंटिमीटर उचलणारी यंत्रणा थोडे वजन वाढवते. पण आपल्याकडचे गतिरोधक ज्याने पाहिले आहेत त्याला तिची शिफारस करण्याची गरज नाही. वारा येणाऱ्या झडपांच्या पट्ट्यांनाही चामडे मढवून मिळते, ही माहिती केवळ करमणुकीसाठी.

यादी भरताना मला सुचलेला एक विचार सांगतो. जे पुढे केव्हाही बदलता येते त्यासाठी आज पैसे गुंतवू नयेत. ब्रेकचे पॅड, ब्रेकचे तेल, टायर हे सर्व घरच्या गॅरेजात बदलता येते. आसन, सांगाडा, मागची वळणारी चाके यांचे तसे नाही. ती कारखान्यातून आली तरच नीट येतात. वाचलेला पैसा टायर आणि तेलावर जावा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसे पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचे पेडल जमिनीपर्यंत जाते. हजारो डॉलरांच्या तबकड्या तेव्हा काही करू शकत नाहीत. टायरांचेही तसेच. ट्रॅकसाठीच्या मऊ टायरांची नक्षी उथळ असते, ते गरम झाल्यावर उत्तम पकडतात, पण थंड सकाळी भर पावसात साचलेल्या पाण्यावर तरंगू लागतात. रोजच्या वापरासाठी दुसऱ्या चार चाकांवर साधे टायर चढवून ठेवणे हा खर्चिक वाटणारा, पण खरा उपाय आहे.

आणि विमा. पर्यायांच्या यादीत तो नसतो, म्हणून विसरला जातो. आपल्याकडच्या खाजगी मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रात शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी केलेला वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. जर्मनीतही अनेक विमा कंपन्या न्यूरबुर्गरिंगवरील फेऱ्यांची जबाबदारी घेत नाहीत, आणि तेथे गाडी कठड्यावर आदळली तर स्वतःच्या गाडीबरोबर मोडलेल्या कठड्याचे बिलही चालकालाच भरावे लागू शकते.