फ्रीजर नव्हे, प्रमाण

घरी केलेलं लिंबाचं मलईदार, गोठवलेलं कॉकटेल फसलं की खापर ठरलेल्या दोन ठिकाणी फुटतं. लिंबाने दूध नासवलं, नाहीतर फ्रीज नीट थंड करत नाही. मग पुढच्या वेळी लिंबू कमी, बर्फ जास्त आणि दारू जरा सढळ हाताने, आणि पदार्थ पहिल्यापेक्षा बिघडतो. मुळशी तालुक्यातल्या माणमध्ये आता एका अंगाला जुनं गाव आहे आणि दुसऱ्या अंगाला हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून उभे राहिलेले उंच टॉवर. इथल्या स्वयंपाकघरांत मिक्सर आहे, डबल डोअर फ्रीज आहे, चक्का आहे आणि लिंबं तर बारमाही आहेत. या पदार्थाला लागणारं सगळं घरात असताना तो फसतो, कारण आपण यंत्राकडे बघतो आणि वजनकाट्याकडे बघत नाही. साखर, मद्यार्क, आंबटपणा आणि स्निग्धांश या चौघांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण या पदार्थाचा मऊपणा ठरवतं. बाकीचे बहुतेक समज हे न कळल्यामुळे तयार झालेले आहेत.

सगळ्यात पक्का समज म्हणजे लिंबू आणि दुग्धपदार्थ एकत्र येऊच शकत नाहीत. दुधापुरतं हे खरं आहे. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ ते ६.७ असतो, तो ४.६ च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन एकमेकांना चिकटून गोळा होतं आणि पाणी सुटतं. पनीर करताना आपण हेच मुद्दाम घडवून आणतो. पण या नियमाचा दुसरा भाग आपल्याच जेवणाच्या ताटात रोज दिसत असूनही लक्षात येत नाही. चक्का हे आधीच आंबटपणाने गोठलेलं केसीन आहे. विरजणाने आपलं काम उरकलेलं असतं, पाणी फडक्यातून गळून गेलेलं असतं. त्यात लिंबू पिळलं तर नासायला उरलंय काय? श्रीखंडात आंबट आंब्याचा रस घालतानाही कुणी श्वास रोखून धरत नाही. म्हणून या कॉकटेलचा पाया दूध नसून चक्का असावा, हे माझं ठाम मत आहे. साय किंवा क्रीम वापरायचंच असेल तर स्निग्धांश जितका जास्त तितका धोका कमी, कारण त्यात केसीनचा वाटा कमी पडतो. इंग्लंडात पॉसेट नावाचा गोड पदार्थ घट्ट क्रीम, साखर आणि लिंबाचा रस एवढ्यावरच होतो. तो फाटत नाही, गुळगुळीत घट्ट बसतो. कंडेन्स्ड मिल्कमध्ये लिंबू घातलं की तेही असंच आळून येतं.

याच्याच जोडीला दुसरा समज येतो: दारू पडली की दूध फाटतं. दूध डेअरीत घेताना करतात ती अल्कोहोल चाचणी याचं उत्तर देते. परीक्षानळीत दूध आणि ६८ टक्के मद्यार्क समसमान घेऊन हलवतात. दूध ताजं असेल तर काही होत नाही. आंबायला लागलेलं असेल तर नळीच्या भिंतीवर बारीक कण दिसतात. म्हणजे निव्वळ मद्यार्काने ताजं दूध फाटत नाही, तो आधीच आंबटलेल्या दुधाचं पितळ उघडं पाडतो. आयरिश क्रीम लिकर बाटलीत महिनोन्महिने टिकतात त्या यामुळेही. यातून घरासाठी निघणारा धडा नेमका आहे: दूध, लिंबू आणि व्होडका एका भांड्यात एकदम ओतणं हीच सगळ्यात वाईट रीत, कारण आंबटपणा आणि मद्यार्क तेव्हा दोघं मिळून केसीनवर तुटून पडतात. चक्क्यात साखर पूर्ण विरघळवून घ्यावी, मग रस, आणि मद्य शेवटी, थंडगार, धारेने, सतत फेटत. चक्कासुद्धा भसकन ओतलेल्या मद्याने रवाळ होऊ शकतो.

आता गोठण्याकडे वळू, कारण खरा घोटाळा तिथे आहे. ‘फ्रीजरमध्ये ठेवलं की सगळं गोठतं’ हा समज व्होडकाची बाटली स्वतःच खोटा ठरवते. घरच्या चांगल्या फ्रीजरचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असतं. ४० टक्के मद्यार्काचं पेय उणे २७ च्या आसपास गोठायला लागतं. आपल्याकडच्या बहुतेक व्होडका, जिन आणि रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ती आणखी खाली. पाण्यात काहीही विरघळलं की त्याचा गोठणबिंदू खाली येतो, आणि तो किती खाली येईल हे विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर ठरतं. साखरेचा रेणू जड, मद्यार्काचा हलका. त्यामुळे ग्रॅमला ग्रॅम धरलं तर मद्यार्क साखरेच्या साडेसातपट जोराने गोठणं रोखतो. हिशेब मांडून बघा. ६० मिलीलीटर व्होडकात सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि गोठणं रोखण्याच्या बाबतीत तो जवळजवळ १५० ग्रॅम साखरेइतकं काम करतो. कुणी उदार हाताने ‘अजून एक पेग’ ओततं तेव्हा पातेल्यात जणू आणखी पाऊण वाटी साखर पडते. मग रात्रभर ठेवूनही डब्यात रबडीच राहते, आणि बोलणी फ्रीजला खावी लागतात. गोव्यात हाच नियम वेगळ्या रूपात दिसतो. उन्हाळ्यात मिळणारी हुर्राक साधारण १५ टक्क्यांची, म्हणून फ्रीजरमध्ये तिचा बर्फाळ लगदा होतो. दुसऱ्यांदा गाळलेली, ४२.८ टक्क्यांची काजू फेणी मात्र तशीच प्रवाही राहते.

यावर आक्षेप येतो की हॉटेलात तर पाच मिनिटांत घट्ट गोठलेलं कॉकटेल समोर येतं, तिथे वजनकाटा लावून कोण मोजतं? मोजतात, फक्त आपल्याला दिसत नाही. तिथल्या स्लशच्या यंत्रात मिश्रण थंड होत असताना अखंड ढवळलं जातं, आणि पाककृतीत साखरेचं प्रमाण आधीच बसवलेलं असतं. ढवळण्याला महत्त्व आहे, कारण मलईदारपणा म्हणजे बर्फाचे कण जिभेला न जाणवणं. साधारण ५० मायक्रॉनपेक्षा लहान कण जिभेला कळत नाहीत, त्याहून मोठे झाले की खसखस लागते. लाकडी पॉटमध्ये बर्फ आणि खडेमीठ भरून हाताने फिरवलेलं आईस्क्रीम मऊ का व्हायचं, हेही यात आलं: मीठ-बर्फाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं आणि फिरवणाऱ्या हाताने कण वाढूच दिले नाहीत. उलट मिक्सरमध्ये बर्फाचे खडे फिरवून ‘क्रीमी’ करायला गेलं की दोन गोष्टी एकदम होतात. कण मोठेच राहतात, आणि वितळलेलं पाणी चव पातळ करतं. बर्फ घालणारं कॉकटेल वेगळं, गोठवलेलं वेगळं. व्हेनिसच्या स्ग्रोपिनोमध्ये लिंबाचं सॉर्बे, व्होडका आणि फेसाळती वाईन फेटतात. त्यात बर्फाचा खडा लागत नाही आणि पुष्कळदा क्रीमही नसतं. मऊपणा सॉर्बेतल्या साखरेतून आणि फेटताना शिरलेल्या हवेतून येतो. नाशिकची स्पार्कलिंग वाईन त्यासाठी उत्तम चालते.

आईस्क्रीमचा डबा आणून त्यात लिंबू आणि व्होडका फिरवायचा सोपा मार्ग बरेच जण घेतात. चूक काही नाही, पण डब्यावरचं बारीक वाचावं. भारतीय नियमांप्रमाणे साध्या आईस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो; ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर तिथे वनस्पती तेल किंवा वनस्पतीजन्य स्निग्धांश आहे. दोन्हींत भरपूर हवा असते. आईस्क्रीम लीटरला किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे, एवढीच नियमाची अट आहे. म्हणून अर्ध्या लीटरचा डबा मिक्सरमध्ये फिरवल्यावर मिश्रण इतकं खाली बसतं की कुणीतरी अर्धं खाल्लं असं वाटावं.

फळाबद्दल थोडं. रस म्हणजे आंबटपणा, सुगंध नव्हे. सुगंधाचं तेल सालीच्या वरच्या पातळ थरात असतं. कागदी लिंबाची साल फार पातळ, त्यामुळे किसणीवर हलका हात फिरवावा. खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. किसलेली साल साखरेत चोळून दहा मिनिटं ठेवली की साखर ओलसर होते, वास हाताला लागतो, आणि तोच वास गोठल्यावरही टिकतो. थंडीत जीभ बधिर होते, म्हणून गोड आणि आंबट दोन्ही चवी नेहमीपेक्षा चढ्या ठेवाव्या लागतात. नागपुरी संत्रं वापरायचं असेल तर रस आदल्या रात्री काढून ठेवू नये. पिळल्यावर काही वेळाने त्यात लिमोनिन तयार होतं आणि गोड रस कडू होत जातो. यात फळाचा दोष नाही.

आता प्रमाण. चौघांसाठी २५० ग्रॅम चक्का, २५ टक्के स्निग्धांशाचं १०० मिलीलीटर क्रीम, १२० ग्रॅम साखर, दोन लिंबांची साल, ६० मिलीलीटर लिंबाचा आणि १५० मिलीलीटर मोसंबीचा किंवा संत्र्याचा रस, आणि ९० मिलीलीटर व्होडका किंवा पांढरी रम. साखर मिसळलेला चक्का पुरणयंत्रातून काढला की गुठळी राहत नाही. पितळी किंवा तांब्याचं भांडं नको, आंबट आहे. स्टीलचा पसरट डबा घ्यावा, कारण पातळ थर लवकर गोठतो आणि लवकर गोठलं की कण लहान राहतात. कडा धरायला लागल्या की काट्याने खरवडून फेटावं, असं तीन-चारदा. या मापात एकूण मद्यार्क साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो आणि उणे १८ ला चमच्याने निघेल असं घट्ट होतं. १५० मिलीलीटर मद्य घातलं तर पेल्यातून प्यावं इतकं सैल. त्यापुढे गेलात तर गोठवण्याचा आग्रह सोडा. सिंगल डोअर फ्रीजचा वरचा कप्पा बऱ्याचदा उणे १८ पर्यंत जातच नाही. तिथे ६० मिलीलीटरवर थांबणं शहाणपणाचं.

मद्य नको असेल तर नुसतं वगळून चालत नाही, हे विचित्र वाटलं तरी खरं आहे. ते गेलं की गोठणं रोखणारा गडीही गेला, आणि डबा दगडासारखा होतो. साखर वाढवली तर गोडमिट्ट होईल. अशा वेळी ३०-४० ग्रॅम साखरेच्या जागी तेवढीच ग्लुकोज पावडर घालावी. ग्लुकोज साखरेच्या जवळपास दुप्पट जोराने गोठणबिंदू उतरवतो आणि गोडीला मात्र कमी.

उरलेले समज प्रकृतीचे आणि कायद्याचे. गोठवल्याने मद्यार्क उडत नाही. थंडी आणि गोडी फक्त त्याची धार लपवतात. स्निग्धांशामुळे तो रक्तात थोडा सावकाश पोचेल, पण पोचेल. वरच्या मापाची एक वाटी म्हणजे ३० मिलीलीटरच्या पेगचा पाऊण भाग. दोन वाट्या म्हणजे दीड पेग, आणि मोटार वाहन कायद्याची १०० मिलीलीटर रक्तामागे ३० मिलीग्रॅमची मर्यादा मिष्टान्नाला वेगळी सवलत देत नाही. उन्हाळ्यात याने तहान भागते हाही भ्रमच, कारण मद्याने लघवी वाढते. दारूने जंतू मरतात म्हणून शिळा चक्का चालेल, असं तर मुळीच नाही: साडेपाच टक्क्यांनी काही निर्जंतुक होत नाही आणि फ्रीजर जंतूंना झोपवतो, मारत नाही. वीज बराच वेळ गेली आणि डबा कोमट झाला तर पुन्हा गोठवू नये. ‘घरातच पितोय, परवाना कशाला’ असं म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आजही लागू आहे: मद्य बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, बिअर-वाईनसाठी वय २१ पूर्ण, व्होडका-रमसाठी २५. गोव्याहून परवान्याशिवाय फेणीची बाटली आणणंही यात बसत नाही. आणि उरलेला डबा फ्रीजरमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवणार असाल तर झाकणावर ठळक अक्षरांत काय आहे ते लिहा. दिसायला दोन्ही सारखेच, आणि दुपारी शाळेतून आलेली मुलं चमचा घेऊन आधी तोच कप्पा उघडतात.