रविवार आपल्याकडे कसा आला?

दर रविवारी सकाळी आम्ही इंदापुरात वंदनेला बसतो. परवा एका शाळकरी मुलाने विचारले, “काका, रविवार तर ख्रिश्चनांचा. मग आपली वंदना रविवारी कशी?” प्रश्न रास्त होता. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, पण उत्तरासाठी पुस्तके उघडावी लागली.

ज्यू लोक शनिवार पाळतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुसलमान बांधवांचा शुक्रवार जुम्म्याच्या नमाजाचा. नमाज झाली की कामाला लागायला मुभा आहे. ख्रिस्ती रविवार रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहाने इ.स. ३२१ मध्ये सरकारी विश्रांतीचा केला.

बौद्धांचा वार नसतो, तिथी असते. बिंबिसार राजाने सुचविल्यावरून भगवान बुद्धांनी उपोसथाची प्रथा सुरू केली. श्रीलंकेने १९६६ साली रविवार मोडून उपोसथाची सुटी दिलीही होती. पण तिथी दर आठवड्याला सरकते, जगाशी व्यवहार जुळेना. १९७१ मध्ये रविवार परत आला, पौर्णिमेची सुटी तेवढी राहिली.

मग आपला रविवार? तो गोऱ्या साहेबाने दिला असे पुष्कळांना वाटते. साहेबाची कचेरी बंद असे हे खरे, पण मुंबईच्या गिरण्यांत मजूर रविवारीही राबत. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात पहिलीच मागणी रविवारच्या सुटीची. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार मजूर जमले, दोन बाया भाषणाला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी सुटी मान्य केली. पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ चे ४८ झाले. आमच्या रविवारची वंशावळ ही अशी आहे. ती त्या मुलाला सांगितली.

पण सांगताना जीभ अडखळली. आमच्या दोन तालुक्यांत उसाच्या हंगामात बीड-नगरकडची कोयती येतात. उचल घेतलेली असते. आजारी पडून फडात गेले नाही तरी खाडा धरतात, पैसे कापतात. त्यांना कुठला वार? आणि इंदापूरचा बाजार रविवारीच, बारामतीचा गुरुवारी. आम्ही वंदनेला बसतो तेव्हा आमच्याच वस्तीतल्या भाजी विकणाऱ्या बाया पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या असतात. इतकी वर्षे आम्ही ‘महिलांची उपस्थिती कमी’ असे अहवालात लिहीत आलो!

त्यांच्यातल्या एका मावशींनाच विचारले. त्या म्हणाल्या, “सोमवारी सांजच्याला ठेवा की. आमचं अंग त्या दिवशी मोकळं असतंय.”

आता सोमवारी सातलाही वंदना होते. पहिल्या सोमवारी अकरा जणी आल्या. दोघी बसल्या जागीच पेंगल्या, त्यांना कोणी उठवले नाही.