*प्रशिक्षणाच्या फॉर्ममध्ये 'खूप छान' दाबून मोकळे होऊ नका*



मागच्या प्रशिक्षणानंतर मोबाईलवर फॉर्म पाठवला होता. बहुतेकांनी 'खूप छान' दाबलं. बरं वाटलं, पण कळलं काहीच नाही. शिकवणारे ओळखीचे, चहा कंपनीचा. मग वाईट कोण लिहिणार? पण पुढच्या हंगामात कोणता विषय घ्यायचा, पैसा कशावर लावायचा, हे याच उत्तरांवरून ठरतं.

कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1959 मध्येच सांगून ठेवलंय, प्रशिक्षण चार प्रश्नांनी तपासा: आवडलं का, शिकलात का, करून पाहिलं का, फरक पडला का. 'खूप छान' हे फक्त पहिल्याचं उत्तर झालं.

म्हणून धान बीजप्रक्रियेच्या प्रशिक्षणाला यंदा दोन फॉर्म येतील.

*पहिला, त्याच दिवशी.* 'आधी किती येत होतं' आणि 'आता किती येतं', दोन्ही शेवटीच विचारू. सुरुवातीला विचारलं की आपण म्हणतो, "मिठाचं पाणी? येते की!" आणि 5 पैकी 4 गुण देतो. मग कळतं की 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ मोजून टाकायचं, तरंगलेलं पोचट बी काढायचं, बुडालेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. आपण तर मूठभर अंदाजानं टाकत होतो. मग तोच माणूस 3 देतो. कागदावर ज्ञान घटलं! खरं तर वाढलेलं असतं.

*दुसरा, रोवणीनंतर.* किती किलो बियाण्याला प्रक्रिया केली? मीठ मोजलं की अंदाजे? केली नसेल तर बिनधास्त 'नाही' लिहा आणि कारण सांगा: पाऊस आला, वेळ नव्हता, आवत्या टाकला, पटलंच नाही. ते कारणच आम्हाला हवंय. नाव विचारणार नाही.

तरी बोलणं आणि करणं यात अंतर राहतंच. शेतीशाळा 1989 मध्ये इंडोनेशियात धानाच्या तपकिरी तुडतुड्यापायी सुरू झाली. तिथे नुसतं विचारत नसत. बांधीतली खरी कीड समोर ठेवून ओळखायला लावत, उत्तराची चिठ्ठी मतपेटीसारख्या डब्यात. आपणही पुढच्या बैठकीत असा डबा ठेवू.

एक विनंती. फोन पोराकडे असतो, म्हणून फॉर्मही तोच भरतो. घरात बी ज्यांनी हाताळलं त्यांना, बहुतेक ठिकाणी बाईलाच, विचारून भरा.