मुलाखतीतील एक अवघड प्रश्न : वरिष्ठांशी झालेला विसंवाद

‘वरिष्ठांशी संवाद साधताना अडचण आली, असा एखादा प्रसंग सांगा,’ असे नोकरीच्या मुलाखतीत पुष्कळदा विचारण्यात येते. संशोधक विद्यार्थ्याच्या बाबतीत ‘वरिष्ठ’ म्हणजे बहुधा त्याचा मार्गदर्शक. ह्यावर ‘तशी अडचण कधी आलीच नाही’ असे तरी उत्तर येते, किंवा मार्गदर्शकांच्या दोषांचा पाढा तरी वाचला जातो. ही दोन्ही उत्तरे का फसतात, ह्याचा भाषाविज्ञानाच्या अंगाने विचार करणे उद्बोधक ठरेल.

ह्या प्रश्नपद्धतीचे एक मूळ जॉन फ्लॅनगन ह्यांनी 1954 साली मांडलेल्या ‘निर्णायक प्रसंग’ पद्धतीत सापडते. माणसाविषयीच्या सर्वसाधारण मतांपेक्षा विशिष्ट प्रसंगी त्याने प्रत्यक्ष काय केले ते टिपावे, हे तिचे सूत्र होय. ‘मी सर्वांशी जुळवून घेतो’ हे विधान साध्या वर्तमानकाळातील आहे. प्रश्न मात्र भूतकाळातील एका घटनेचा आहे. उत्तर प्रश्नाला भिडत नाही ते येथेच. शिवाय, संवादात आवश्यक तेवढी माहिती दिली जाईल ही श्रोत्याची अपेक्षा असते, असे पॉल ग्राइस ह्यांनी 1967 सालच्या व्याख्यानांत दाखविले. ती अपेक्षा भंगली की श्रोता स्वतःच अनुमान काढतो. आणि ‘हा काही लपवीत आहे’ हेच अनुमान सर्वांत सोपे असते.

घटना सांगावी कशी? लबॉव्ह आणि वॉलेट्स्की ह्यांनी 1967 साली मौखिक निवेदनाचे घटक सांगितले : पार्श्वभूमी, गुंतागुंत, मूल्यमापन, उकल व समारोप. उमेदवार गुंतागुंतीतच रमतो. मूल्यमापन व उकल राहून जातात. एक कल्पित उत्तर पाहा : ‘प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणावर सरांनी “पुन्हा पाहा” असा शेरा दिला. तो भाषेविषयी आहे असे मी धरले. सरांना सामग्रीचे वर्गीकरण बदलून हवे होते. मी विचारले नाही, म्हणून दोन महिने गेले. तेव्हापासून प्रत्येक भेटीत ठरलेले मुद्दे मी लिहून त्यांना दाखवू लागलो.’

येथे कर्त्याची निवड महत्त्वाची आहे. ‘सरांनी नीट सांगितले नाही’ ह्यात सारा दोष सरांकडे जातो. ‘गैरसमज झाला’ ह्यात गैरसमज हाच कर्ता. माणूस कोठेच दिसत नाही. ‘असे मी धरले’ ह्यात मात्र वक्ता स्वतःच्या कृतीचे उत्तरदायित्व घेतो आणि अनुपस्थित व्यक्तीची प्रतिष्ठाही राखतो. समितीतील सभासद बहुधा स्वतः कोणाचे तरी वरिष्ठ असतात. त्या अनुपस्थित व्यक्तीच्या जागी ते स्वतःला कल्पितात, हे विसरू नये.

परंतु अन्याय खरोखरच झाला असेल तर? तेव्हा सर्व दोष स्वतःकडे घेणे ही नम्रता नव्हे, ते असत्य होय. अशा वेळी दुसरा, खराच घडलेला प्रसंग निवडावा. मुलाखत हे गाऱ्हाण्याचे स्थान नव्हे. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. काय सांगावे ह्याची निवड उमेदवाराची असते; जे सांगितले ते खरे असावे, एवढे बंधन मात्र त्याने पाळलेच पाहिजे.