तंबोरा मिरजेचा, अ‍ॅम्प्लिफायर कोणता?

समजा तुम्ही साताऱ्याला राहता. माळ्यावर पडलेला आजोबांचा टर्नटेबल झाडूनपुसून खाली आणला आहे. काकांनी लाकडी पेटीतले दोन जुने पण चांगले स्पीकर दिले आहेत. ख्यालगायनाची एक लाँग प्ले रेकॉर्डही हाताशी आहे. आता उणीव आहे ती एका अ‍ॅम्प्लिफायरची. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा देऊ?" आणि खिशाला परवडेल तेवढा मोठा आकडा आपण सांगून मोकळे होतो. पण हा आकडा मनाने ठरवायचा नसतो. तो काढता येतो, आणि त्यासाठी दहावीपर्यंतचे गणित पुरते.

गाणे ऐकायचे म्हणजे त्यामागचा तंबोरा नीट ऐकू आला पाहिजे. म्हणून आपण तंबोऱ्यालाच परीक्षक नेमू. तो सांगली जिल्ह्यातल्या मिरजेचा असण्याची शक्यता पुष्कळ. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतारी आणि तंबोरे घडवायला सुरुवात केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या वाद्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात.

हा भोपळा म्हणजेच तंबोऱ्याचा अ‍ॅम्प्लिफायर, असे काही जण म्हणतात. ते बरोबर नाही. तार बारीक असते. ती हवेला फारशी ढकलू शकत नाही. तारेची कंपने घोडीतून तबलीला आणि भोपळ्याला मिळतात आणि त्यांच्या मोठ्या पृष्ठभागामुळे हवा जास्त हलते. पण यात बाहेरून ऊर्जा काहीच येत नाही. बोटाने तारेला जेवढी ऊर्जा दिली तेवढीच खर्ची पडते.

अ‍ॅम्प्लिफायरचे, म्हणजे वर्धकाचे, तसे नाही. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून कृष्णा कालवा निघतो आणि सांगली जिल्ह्यात शिरतो. अशा कालव्यावरचे दार पाटकरी हाताने खालीवर करतो. दार उचलायला जोर लागतो थोडा, पण त्यातून धावणारे पाणी शेते भिजवून काढते. पाण्याचा जोर पाटकऱ्याच्या हाताचा नव्हे, तो मागच्या साठ्याचा. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये टर्नटेबलकडून आलेला दुबळा विद्युतसंदेश हा पाटकऱ्याचा हात. ट्रान्झिस्टर हे दार. आणि भिंतीवरच्या प्लगमधून येणारी वीज हे कालव्याचे पाणी. हात जसा हलेल तसाच प्रवाह कमीजास्त झाला, तर अ‍ॅम्प्लिफायर चांगला. दार पुरते उघडल्यावर मात्र हात कितीही वर नेला तरी पाणी वाढत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

आता गणित. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दिलेली असते. समजा ती ८७ डेसिबेल आहे. याचा अर्थ, एक वॅट शक्ती दिली तर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबेलचा आवाज होतो. १९६७ च्या कोयना भूकंपाच्या निमित्ताने तुम्ही रिश्टर मापाबद्दल वाचले असेल. डेसिबेलही त्याच जातीचे माप आहे: आकडा बेरजेने चढतो, पण शक्ती गुणाकाराने चढते. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबेल वाढतात, दसपट केली की १० आणि शंभरपट केली की २०. कानाला मात्र १० डेसिबेलची वाढ म्हणजे आवाज जेमतेम दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

तुम्ही स्पीकरपासून तीन मीटरवर बसला आहात. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर आवाज साडेनऊ डेसिबेलने उतरला असता. पण खोलीत भिंतींवरून आवाज परततो आणि दुसऱ्या स्पीकरची साथही असते. त्यामुळे तुमच्या कानाशी साधारण ८३ डेसिबेल उरतात, असे धरू. घरात रंगून गाणे ऐकायला ७५ डेसिबेल पुष्कळ झाले. साधे बोलणे ६० च्या आसपास असते. म्हणजे आपल्याला एक वॅटपेक्षाही ८ डेसिबेल कमीच हवेत. ८ डेसिबेल कमी म्हणजे शक्ती सुमारे एकषष्ठांश. इतक्या खटाटोपानंतर उत्तर आले एकषष्ठांश वॅट!

मग तीस, पन्नास, शंभर वॅट कशाला? गाणे एका पातळीवर चालत नाही म्हणून. आलाप संथ चालू असतो आणि अचानक तबल्यावर समेची थाप पडते. अशी शिखरे सरासरीपेक्षा २० डेसिबेलपर्यंत उंच जाऊ शकतात. २० डेसिबेल म्हणजे शंभरपट, म्हणजे क्षणभर सोळा-सतरा वॅट. थोडी सवड ठेवून २५ ते ३० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर या खोलीला, या स्पीकरला पुरेसा आहे. त्याऐवजी ६० वॅटचा घेतला तर मिळतात फक्त ३ डेसिबेल. त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. पण स्पीकर ८१ डेसिबेलचा असता, तर तेवढ्याच आवाजाला चौपट शक्ती, म्हणजे ६५ वॅटच्या पुढे लागली असती. दुकानदाराने आधी स्पीकर कोणता आहे हे विचारायला हवे ते यासाठी.

शिखराला शक्ती कमी पडली तर काय होते? एकदा एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी घरचे स्पीकर आणि दहा वॅटचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावला होता. सभागृह मोठे, मुलांचा गलका त्याहून मोठा. मी बटण फिरवत शेवटपर्यंत नेले. आवाज कर्कश झाला, पण ऐकू तर येत होता. कार्यक्रम संपला तेव्हा दोन्ही ट्विटर मुके झाले होते. स्पीकरवर ५० वॅट लिहिलेले आणि अ‍ॅम्प्लिफायर १० वॅटचा. मग जळले कसे, हे कोडे मला कित्येक दिवस सुटले नाही.

दार पुरते उघडले होते, एवढेच त्याचे कारण. लहरीचा माथा जिथे वर जायचा तिथे विद्युतदाब संपला आणि माथा कापला जाऊन सपाट झाला. असा चपटा आकार साध्या सुराचा नसतो. त्यात मूळ सुराच्या वरच्या कंपनसंख्यांचे कितीतरी नवे सूर मिसळलेले असतात. शिवाय मोठे आवाज कापले गेल्यावरही आपण बटण फिरवतच राहतो आणि बारीक तीव्र स्वर वाढत जातात. हे सगळे ट्विटरच्या वाट्याला येते. ट्विटरच्या वेटोळ्याची तार केसासारखी बारीक असते. पेटीवर लिहिलेले पन्नास वॅट संपूर्ण स्पीकरचे असतात, एकट्या ट्विटरला त्यातले थोडेच सोसतात. पुरेशा वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर हलक्या हाताने वापरणे स्पीकरला अधिक सुखाचे असते ते यामुळेच.

तंबोऱ्याला परीक्षक का नेमले हेही आता सांगतो. इतर तारवाद्यांचा नियम असा, की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर निघत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले की तंबोरा हा नियम पाळत नाही. त्याची रुंद, किंचित गोलसर घोडी आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा यांमुळे निघू नयेत ते उपस्वरही जोरात निघतात. यालाच आपण जवारी म्हणतो. मिरजेचा कारागीर घोडी घासून घासून जवारी काढतो, ते काम या उपस्वरांचे असते. अ‍ॅम्प्लिफायर सदोष असेल तर तो दोन सुरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे भलतेच सूर त्यात मिसळतो. ढोल-ताशांच्या गोंगाटात ते लपून जातील; तंबोऱ्याच्या अखंड झंकारात ते खरखर होऊन उघडे पडतात.

आता प्रीअ‍ॅम्प्लिफायरकडे, म्हणजे पूर्ववर्धकाकडे वळू. ओहमच्या नियमावरून, ८ ओहम रोधाच्या स्पीकरला ३० वॅट द्यायचे तर सुमारे साडेपंधरा व्होल्ट लागतात. टर्नटेबलचा चुंबकीय पिकअप देतो सुमारे ५ मिलिव्होल्ट. म्हणजे दाब तीन हजार पटींनी वाढवायचा. हे काम दोघे वाटून घेतात. पूर्ववर्धक शंभरपट वाढवून ५ मिलिव्होल्टचा अर्धा व्होल्ट करतो, मुख्य अ‍ॅम्प्लिफायर त्याचे तीसपट करतो आणि स्पीकरला लागेल तेवढा प्रवाहही पुरवतो.

पूर्ववर्धकाकडे आणखी एक नाजूक काम आहे. रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर आहेत तसे कोरले तर खाचा इतक्या रुंद होतील की शेजारच्या खाचेत घुसतील. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तीव्र सूर चढवतात. वाजवताना बरोबर उलट करावे लागते: १००० हर्ट्झच्या मानाने २० हर्ट्झला सुमारे दसपट दाब वाढवायचा आणि २० हजार हर्ट्झला तितकाच उतरवायचा. हा ठराव १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने केला. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'आरआयएए' म्हणतात. चुंबकीय पिकअप साध्या जोडणीला लावला तर गाणे दूरवरून आणि किरटे ऐकू येते ते या कारणाने. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' अशी जोडणी असेल तर पूर्ववर्धक आतच आहे. नसेल तर वेगळी छोटी पेटी घ्यावी लागेल.

पण थांबा, आधी पिकअप पाहा. आपल्याकडे घरोघरी आलेल्या छोट्या रेकॉर्ड प्लेअरांत बहुधा चुंबकीय पिकअप नसे. क्रिस्टल किंवा सिरॅमिकचा असे. तो काही शे मिलिव्होल्ट देतो आणि त्याला असा पूर्ववर्धक लागतच नाही. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो, मोबाइलचा हेडफोनचा सॉकेट अर्धा ते एक व्होल्ट. त्यांनाही पूर्ववर्धक नको. उलट ते चुकून 'फोनो'ला जोडले तर आवाज फाटतो. जे गाणे उगमातच नाही ते कोणताही अ‍ॅम्प्लिफायर आणू शकत नाही, हेही लक्षात असू द्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली निधन झाल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. त्यांच्या पहिल्या तबकड्या भोंग्यापुढे गाऊन, अ‍ॅम्प्लिफायरशिवाय मुद्रित झालेल्या. मायक्रोफोनने मुद्रण सुरू झाले १९२५ च्या सुमारास. तसेच १९६३ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या सांगली केंद्राचे गाणे मध्यम लहरींवर ऐकताना तीव्र उपस्वर साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास संपत. त्यात दोष केंद्राचा नव्हता. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये ९ हजार हर्ट्झचेच अंतर असते.

दुकानात खोक्यावर '१००० वॅट पीएमपीओ' असे छापलेले दिसले तर अ‍ॅम्प्लिफायर उलटा करा आणि मागची पट्टी वाचा. तिथे '२३० व्होल्ट, ४० वॅट' असे लिहिलेले असेल. चाळीस वॅट खाणारे यंत्र हजार वॅट कुठून देईल? आत साठवलेल्या विद्युतभारावर क्षणभर थोडे जास्त देईल, एवढेच. आपल्याला हवा तो 'आरएमएस' वॅटचा आकडा, आणि तो किती ओहमला, हेही. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीला समांतर लावले की रोध ४ ओहम होतो आणि प्रवाह दुप्पट मागितला जातो. हौसेने चार स्पीकर जोडून अ‍ॅम्प्लिफायर भाजून घेणारे लोक मी पाहिले आहेत.

व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा, यावर वाद घालणारे तुम्हाला भेटतील. आता 'डी' वर्गाचे छोटे अ‍ॅम्प्लिफायरही मिळतात. त्यांत ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात, त्यामुळे उष्णता फार कमी वाया जाते. आपल्या खोलीसाठी यांपैकी कोणताही चालेल. उरलेले पैसे नव्या सुईवर खर्च करा. झिजलेली सुई रेकॉर्डच्या खाचा कायमच्या खरवडते.

घरी आणल्यावर टर्नटेबलची भूवायर अ‍ॅम्प्लिफायरच्या खुणेच्या स्क्रूला लावा, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण सतत ऐकू येईल. मग तंबोरा लावा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा असेल तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसा. खर्ज पोकळ वाटला आणि आवाज मधून न येता दोन्ही बाजूंना विखुरल्यासारखा वाटला, तर अ‍ॅम्प्लिफायर परत करायला धावू नका. बहुधा एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट लागल्या आहेत. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, म्हणून खर्ज नाहीसा होतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्या एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करा आणि तीच रेकॉर्ड पुन्हा लावा.