फेऱ्या मैदानाच्या, वाट ओरेगॉनची

शाळेतली पोरं मैदानाला फेऱ्या मारतात. त्यात नवल ते काय? पण अमेरिकेतल्या काही शाळांत या फेऱ्या मोजतात, आणि नकाशावर मांडतात. मैदानात धावता धावता पोरं एका जुन्या वाटेची ओळख करून घेतात. ती वाट कुठली, ते आधी पाहू.

बैलगाड्यांची वाट

अमेरिकेच्या पश्चिमेला, समुद्राकाठी ओरेगॉन नावाचा मुलूख आहे. तिथं पिकाऊ जमीन मिळते, असं पूर्वेकडच्या लोकांच्या कानावर आलं. १८४३ साली मिसुरी प्रांतातून हजाराच्या आसपास माणसं निघाली. पुढं पंचवीस वर्षं तांड्यांमागून तांडे गेले.

वाट सुमारे ३,२०० किलोमीटरांची. आळंदी ते पंढरपूर या वाटेच्या बारापट!

गाड्यांना कापडी छप्पर असे. बहुतेक गाड्या बैलांच्या. पण गाडीत पीठ, मीठ, अवजारं भरलेली. बैलांना भार नको, म्हणून बायामाणसं, पोरंसोरं पायीच चालत. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. पोचायला पाच-सहा महिने लागत. डोंगरात बर्फ पडायच्या आत पलीकडं जायचं, म्हणून रोजची मजल चुकवून चालत नसे.

वाटेत पुष्कळ माणसं दगावली. पटकीनं फार बळी घेतले. तळावरचं पाणी घाण होई, आणि मागून येणारे तेच पीत.

ही जमीन काही ओसाड नव्हती. तिथं मूळच्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. आलेल्या लोकांनी त्यांची जमीन बळकावली. पोरांना हेही सांगावं लागतं.

१८६९ साली आगगाडी थेट पश्चिमेला पोचली. मग वाट ओस पडत गेली. पण खडकात गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात.

फेऱ्यांचा हिशेब

समजा, वर्गात ४० पोरं आहेत. प्रत्येकानं आठवड्यातून ३ दिवस एकेक किलोमीटर धावायचं. आठवड्याचे झाले १२० किलोमीटर. म्हणजे ३,२०० किलोमीटरांना २७ आठवडे. तांड्यालाही जवळजवळ तेवढेच लागत!

दर आठवड्याला नकाशावर खूण पुढं सरकते. खूण एका उंच सुळक्याशी आली, की गुरुजी त्याची गोष्ट सांगतात. त्याचं नाव चिमणी रॉक. तो धुराड्यासारखा दिसतो. पुढं इंडिपेंडन्स रॉक नावाचा मोठा खडक येतो. वाटसरूंनी त्यावर आपली नावं कोरली. त्यातली काही आजही वाचता येतात. अशानं भूगोल, इतिहास आणि गणित एकदमच होतं.

धावावं कसं?

शर्यत लावू नये. शेजारच्याशी बोलता येईल, इतक्याच वेगानं धावावं. धाप लागली तर चालावं. पाणी प्यावं, पण स्वच्छ. आजारी पोरानं त्या दिवशी बसून फेऱ्या मोजाव्यात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांच्या अंगाला रोज सरासरी तासभर तरी व्यायाम हवा. त्यानं हृदय आणि हाडं बळकट होतात.

याला पैसा लागत नाही. मैदान दोरीनं मोजावं. फेऱ्या खडूनं फळ्यावर मांडाव्यात. शर्यतीत हळू पोर मागं पडतं. इथं मात्र त्याच्या किलोमीटरानंही नकाशावरची खूण तेवढीच पुढं सरकते. तांड्यातही हळू चालणारी माणसं होतीच. रोजची मजल गाठत गाठत तीही ओरेगॉनला पोचली.