बर्फातली शिल्पं: फॉरेस्ट ऑफ डीनची एक फेरी

बर्फ पडला की आपण हीटर लावून घरात बसतो. पण रस्ते मोकळे झाले की ग्लॉस्टरशरमधल्या फॉरेस्ट ऑफ डीनला जरूर जा. तिथे 1986 सालापासून झाडांमध्येच शिल्पं उभी केली आहेत. बीचनहर्स्टपासून पायवाट सुरू होते.

बर्फ आडव्या भागावर साचतो, उभ्या भागावरून घसरतो. त्यामुळे एरवी पाचोळ्यात हरवणारा आकार उठून दिसतो. कीर स्मिथ यांचं ‘आयर्न रोड’ घ्या. जुन्या रेल्वेमार्गावर जारा या ऑस्ट्रेलियन लाकडाचे 20 स्लीपर ओळीने मांडले आहेत आणि प्रत्येकावर कोरीव काम आहे. बर्फ पडला की पुन्हा रूळवाटच समोर आल्यासारखी वाटते.

मात्र हाच बर्फ लाकडाला खातो. वितळलेलं पाणी भेगेत शिरतं आणि रात्री गोठतं. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, भेग रुंदावते. मग ओल टिकते आणि बुरशी धरते.

मग वर छप्पर का घालत नाहीत? कारण काही शिल्पं कायम टिकावीत म्हणून केलेलीच नाहीत. डेव्हिड नॅश यांनी लार्चचे सुमारे 900 खुंट जाळून काळे केले आणि त्यांचा ‘ब्लॅक डोम’ रचला. गावाकडे कुंपणाचा खांब पुरण्याआधी त्याचं टोक भाजून घेतात ना, तसंच. कोळशाच्या थराला कीड लवकर लागत नाही. तरीही हा घुमट शेवटी मातीत मिसळावा, हीच नॅश यांची कल्पना होती.

माग्दालेना येटेलोवा यांची ओकची प्रचंड खुर्ची, ‘प्लेस’, ही तर या जंगलाची ओळखच झाली होती. जवळजवळ तीस वर्षं तिने ऊनपाऊस सोसला. शेवटी लाकूड कुजलं आणि 2015 मध्ये ती उतरवावी लागली. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांची ती राहूनच गेली.

तेव्हा मंडळी, जाल तेव्हा शिल्पांवर चढू नका, त्यांच्यावरचा बर्फ खरवडू नका. बर्फाने वाकलेल्या फांद्यांखाली थांबू नका. आणि मुलांना सोबत न्या. आज दिसतंय ते त्यांच्या मुलांना दिसेलच असं नाही.